सहा आकडे

फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी.
दोन्ही कान दिसायला हवेत.
मागच्या खेपेला उजवा कान केसांत राहिला
आणि अर्ज परत आला,
म्हणून आज तेल लावून, केस चापून
कायतानच्या स्टुडिओत बसले.
डोळे मोठे कर, दोतोर, तो म्हणाला.
बिश्केकच्या व्हिसाचा फोटो काढला
त्या दिवसापासून तो मला दोतोरच म्हणतो.
त्याच्या हिशेबात मधलं काहीच नाही.

माझ्या हिशेबात आहे:
सहा हिवाळे, एक पदवी, तिच्यावर चार शिक्के,
रशियनमध्ये शिकलेलं 'कुठे दुखतंय?'
आणि या अर्जातला तो चौकोन,
यापूर्वीचे प्रयत्न.
तिथे दोन लिहायचं.
अक्षरी नाही, आकड्यात.

वडिलांचं नाव. इथे दरवेळी अडतं.
पदवीवर बाबा एस-ने सुरू होतात,
पासपोर्टवर एक्स-ने.
पोर्तुगीज गेले होते, पण नोंदवहीवरचा कारकून तोच होता,
हाताचं वळणही तेच;
त्याने शाणूचा श एक्स घालून लिहिला
आणि जेवायला गेला.
दोन्ही शाणू एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं नोटरीकडे.
बाबांनी ते वाचलं, घडी घातली.
'म्हणजे हांव तो हांवच. कागदार आयलें एकदां.'

आता फी.
कार्ड बाबांचं, म्हणून ओटीपी बाबांच्या फोनवर,
आणि बाबा फेरीबोटीवर,
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण.
फोन लावला की आधी इंजिन बोलतं.
मग बाबा: 'राव, राव. चश्मो.'
पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटी चाललेली,
दोन एकोणसाठ, दोन अठ्ठावन्न.
'सात.' कुणाची तरी स्कूटर ठणाणते.
'सात. णव. शून्य.' मधेच कुणावर तरी ओरडतात,
गाडी फुडें काड रे!
'चार. चार.'
दोन चार, की एकच चार दोनदा?
मी पाच आकडे घेऊन बसलेली,
सहावा मांडवीत.
मुदत संपली.

पुन्हा पाठवा, दाबलं.
तोवर बोट धक्क्याला लागली असावी;
या वेळी सहाही आले, एकेक, सावकाश,
खुंटाला दोराचे वेढे टाकावेत तसे.

केंद्र निवडा.
पणजी राखाडी अक्षरांत, बोट ठेवलं तरी उमटत नाही.
हुबळी भरलेली. कोल्हापूर होतं,
बघता बघता तेही राखाडी झालं.
बेळगाव घेतलं.
सकाळी सात वाजता हजर. म्हणजे आदल्या दिवशी
चोर्ला घाट, आतेकडे मुक्काम.
आईने भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं: त्या दिवशी अमावस्या.
मग बारीक अक्षरं वाचून स्वतःच म्हणाली,
लागते दुपारी एकला, तुझा पेपर सकाळचा.
पेपर दोन आहेत, आणि दुसरा अडीचचा,
हे मी तिला सांगितलं नाही.

यानंतर बदल करता येणार नाही. मान्य?
मान्य.

संध्याकाळी डबा द्यायला धक्क्यावर गेले.
बाबांनी लांबूनच मान उडवली: जालें?
मी मान हलवली.
बोटीत रेलिंगला टेकून सुभद्रामावशी बसलेली,
टोपलीत उरलेले चार बांगडे.
गो दोतोर, म्हणाली, हो पाय पळय मगे.
घोट्यावर सूज. मी अंगठा टेकवला, दाबला, काढला.
खळगा तसाच राहिला.
मी मनात मोजत होते. नऊ, दहा, अकरा.
'कुठे दुखतंय?' दुखत नाही म्हणाली,
फक्त चप्पल चढत नाही.
पुढे विचारायचं बरंच ओठांवर होतं.
'उद्या सकाळी हेल्थ सेंटरात जा. उद्याच.'
एवढंच म्हटलं,
जे बोटीतलं कुणीही म्हणालं असतं.

बाबांनी साखळी सोडली, फळी उचलली.
प्रवेशपत्र एकवीस तारखेनंतर.