तीन पोती

दर गुरुवारी दहा वाजता
मी एका कवयित्रीचं दार उघडते.
किल्ली तिची नाही. कुलूपही ट्रस्टनं बदललंय.
स्केलबेकच्या चढावर बस मला धापा टाकत सोडते,
आत शिरून मी आधी हीटर लावते,
मग दिवे,
मग चेहरा.

येईल त्याला सांगते, घोकलेलं:
विनिफ्रेड टॉलर, याच घरात एकतीस वर्षं,
हे टेबल, हा चष्मा.
काचेखाली ठेवलेली काच.
तिच्यातून आता कुणीच बघत नाही,
तिच्याकडे बघतात.

माणसं लांबून येतात. लीड्सहून, न्यूकॅसलहून,
एकदा तर थेट कॅनडातून एक जोडपं,
ओली जाकिटं दाराशी निथळत ठेवून.
विचारतात, नेमकं कुठं बसून लिहायची ती?
मी खिडकीकडे बोट दाखवते.
बाहेर टेकडी, टेकडीवर मेंढ्या,
फोटोपुरतं सगळं आहे.
टॉयलेट कुठंय, हेही विचारतात.
तेवढ्याच अदबीनं तिकडेही बोट दाखवते.
टेबल लिलावातून आणलंय
हे मी सांगत नाही. कुणी विचारत नाही.

चौतीस वर्षं ब्रॅडफर्डच्या इस्पितळात मी रक्त तपासलं.
काचपट्टीवरचा थेंब म्हणजे माणूस नव्हे
हे ठाऊक असून थेंबावरून माणसाचं सांगायचं,
हाच तर धंदा होता.
निवृत्तीनंतर वाटलं, काहीतरी वेगळं करू.

नोव्हेंबरात बूथरॉइड आले.
वय ऐंशीच्या पुढं, टोपी हातात, तिकीट घेईनात.
"बघायला नाही आलो, बाई. द्यायला आलोय."
पावाच्या प्लास्टिक पिशवीतून निघाली एक वही,
आजोबांची, कोळशाच्या दुकानाची,
पानांच्या कडा अजून बोटं काळी करणाऱ्या.

जानेवारी सत्तेचाळीस. मिस टॉलर. तीन पोती. बाकी.
फेब्रुवारी. बाकी.
मार्च. बाकी.
आणि समासात, पेन्सिलीनं, तिरकं:
*आज वसुलीस गेलो. दार ढकललेलंच.
बाई पलंगात, अंगात कोट, हातात मोजे,
गुडघ्यावर पाट घेऊन लिहीत होत्या.
वर पाहिलं नाही.
एक पोतं ठेवून आलो.*

ते चौथं पोतं हिशोबात कुठंच नव्हतं.

मी वाचलं. परत वाचलं.
वरच्या मजल्यावर पलंग आहे,
त्याला दोरी बांधून आम्ही लिहिलंय, कृपया बसू नये.
त्या खोलीत कुणी थांबत नाही. खिडकी नाही ना तिथं.

"पैसे नकोत मला," बूथरॉइड म्हणाले,
"पण ही बाकी कुणीतरी खोडायला हवी.
आजोबांना खोडायची होती, असं आई म्हणायची.
राहून गेलं."

मी म्हटलं, इथल्या वस्तूंवर लिहायला बंदी आहे.
"ही अजून इथली झालेली नाही," ते म्हणाले.
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण प्रयोगशाळेत एक शिकले:
नोंद खोडायची नसते.
चुकली तर खाली खरी लिहायची,
तारीख घालायची, सही करायची.
मी पेन्सिल घेतली.
समासात, आजोबांच्या अक्षराखाली, लहान अक्षरात लिहिलं:
*चौथं पोतं पोचलं. — कुमुदिनी पेंढारकर, गुरुवार.*
बूथरॉइडांनी चष्मा पुसला, वाचलं,
नाव वाचताना अडखळले, मग टोपी घातली.

दुपारी एका मुलीनं विचारलं,
ती कुठं बसून लिहायची?
माझं बोट सवयीनं खिडकीकडे गेलं,
अर्ध्यात थांबलं.
"वर चल," म्हटलं, "पण वर थंडी आहे. जाकीट घे."

पाच वाजता उलटा क्रम.
आधी चेहरा उतरवला, मग दिवे.
हीटर राहू दिला अजून थोडा वेळ.
बस सव्वापाचला असते.