उसंत

सहाव्या महिन्यात माझी बोटं मिटली,
पूर्ण, मुठीसारखी.
शिवडीच्या खोलीत
चार वर्षांत पहिल्यांदा
लोणच्याची बरणी
यांना हाक न मारता मीच उघडली.

केईएमच्या ओपीडीत नाबर बाई म्हणाल्या,
बहुतेक प्रोजेस्टेरॉन.
ते पांढऱ्या पेशींना सांगतं,
जरा दमानं घ्या,
आत आलंय ते अर्धं परकं आहे,
पण आपलंच समजा.

म्हणजे माझ्याच सांध्यांवर
रोज पहाटे धाड घालणारे हे शिपाई
तुझ्यासाठी काठ्या खाली ठेवून बसलेत.
माझ्यासाठी कधी बसले नाहीत.

बाळंतपणानंतर पुन्हा सुरू होईल, बाई म्हणाल्या,
केसपेपरवर पुढची तारीख टाकत.

तोवर मी
तुझ्या दुपट्यांना टाके घालून घेते.
बारीक. घट्ट.