वाळवंटातला बेडूक

किसनगानीच्या संग्रहालयात, मागच्या खोलीत,
जनरेटर दुपारी दोनला दम टाकेपर्यंत
मी चिठ्ठ्या वाचते.
बाटलीत बेडूक, बेडकाच्या पायाला दोरा,
दोऱ्याला चिठ्ठी, शाई
फिक्या चहाच्या रंगाची.
"नदीकाठी. मिशनजवळ. पाऊस."
कुठली नदी, हे लिहायची गरज वाटली नसावी.
लिहिणाऱ्याला तेव्हा एकच दिसत होती.

मागच्या आठवड्यात आमचा एक बेडूक सहारात सापडला.
नकाशावर, म्हणजे.
अक्षांशाच्या घरात रेखांश जाऊन बसला,
रेखांशाच्या घरात अक्षांश,
आणि तासभर अंग कोरडं राहिलं तर मरणारा जीव
लाल ठिपका होऊन वाळूत एकटा.
मी हसले.
मग कुणाचा तरी निबंध वाचनात आला :
"शुष्क प्रदेशाशी जुळवून घेण्याची क्षमता असावी."
हसू तिथंच राहिलं.

समुद्रातही आमचे आहेत.
शून्य अंश, शून्य अंश :
ना बेट, ना खडक, नुसतं पाणी,
तिथे दोनशे बारा झाडं, अकरा सरडे
आणि एक खवल्या मांजर.
रकाना कोरा होता, यंत्राने शून्य भरलं.
आई म्हणायची, घड्यात पाणी नाही हे एक,
आणि घड्यात डोकावलंच नाही हे दुसरं.
यंत्राला आई नव्हती.

नकाशा भिंतीला लावला की वाटतं
आमच्या जंगलाला रस्त्यांचं वेड आहे.
ठिपके रस्त्याने जातात, नदीने जातात,
नावेतून उतरून चार पावलं, की थांबतात.
पलीकडे पांढरं.
पांढऱ्यात काय आहे, असं पाहुणे विचारतात.
मी म्हणते, चिखल.
एका वळणावर मात्र नुसता झुपका :
सत्तेचाळीस जाती, तीन दिवसांत.
काय समृद्धी! त्यावरही कुणी लिहिलंय.
म्हातारा बोफांडो सांगतो,
तिथे साहेबाच्या गाडीचा कणा मोडला होता.
दुसरं करायला काही नव्हतं.

बोफांडो शुक्रवारी येतो, सावलीत बसायला.
चिठ्ठीवर आहे तो :
"व्हर्मालेन, सोबत एक पोरगा. १९५४."
बेडूक पोराने धरले, साहेबाने बुडवले,
नाव कुणाचं लागलं ते लॅटिनमध्ये आहे.

एकोणीसशे शहाण्णवनंतर सात वर्षं
एकही नोंद नाही.
आलेख तिथे खाली कोसळतो,
खाली इंग्रजीत लिहिलेलं असतं : तीव्र घट.
मी बोफांडोला विचारलं, तेव्हा बेडूक होते?
तो म्हणाला, "होते की.
आम्ही जंगलात लपलो होतो, मीच खाल्ले.
मोठे, पाठीवर पिवळी रेघ असलेले.
मीठ नव्हतं."

पुरावा, असा एक रकाना आहे :
छायाचित्र, नमुना, आवाज, यातलं एक निवडा.
चव, असं त्यात नाही.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात.
आमच्या आडात आहे हो,
पोहराच गळका.

आज वीज होती तोवर
मी दोन आकडे एकमेकांच्या जागी ठेवले.
वाळूतला बेडूक पावणेचार हजार किलोमीटर
एका बोटाने घरी आला.
कुठल्या नदीत सोडू, म्हणून बोफांडोला विचारलं.
त्याने ओठांनी दाखवलं, आम्ही सगळे दाखवतो तसं,
"तिकडं."
अनिश्चितता, मीटरमध्ये : तीस हजार.
धरणारा : बोफांडो, वय तेव्हा दहा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतलं,
"१९९६ ते २००३ : होते. खाल्

आणि दोन वाजले.