एकोणीस मिनिटं

चिचटोल्याच्या शाळेमागे, टिनाच्या शेडात
दुरपता उइकेची चूल.
तिच्याकडून मी ऐनाचं एक लाकूड मागून घेतलं,
हातभर लांब, मनगटाएवढं,
आणि त्याला चार भोकं पाडली:
सालीखाली एक, मग आत, मग आणखी आत,
चौथं थेट गाभ्यात.
भोकांत तारा, तारांच्या टोकाला लॅपटॉप,
लॅपटॉपवर अर्धं गोणपाट, राख उडते म्हणून.

"याले सलाइन लावलं का, म्याडम?"

पाचवीतल्या लोमेशनं काट्यावरचं वजन मोठ्यानं वाचलं.
शंभर ग्रॅम सुक्या लाकडामागे चौतीस ग्रॅम पाणी,
त्याच्या जुळ्या तुकड्याला नागपुरात
भट्टीत सुकवून काढलेला आकडा.
पोळा होऊन गेला होता,
पण सरपणाला कोणी कळवलं नव्हतं.

माझ्या समीकरणात पाणी शहाणं होतं.
तापलं की वाफ, वाफ झाली की बाहेर.
गाभा शंभराशी थबकेल अकरा मिनिटं,
मग चढेल,
दोनशे ऐंशीच्या आसपास लाकूड आपली वीण सोडेल,
धूर, डांबर, कोळसा.
एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली होती.

तिनं लाकूड चुलीत सारलं.
सालीखालची रेषा टुणकन उठली,
दुसरी तिच्यामागं.
तिसरी रेंगाळली.
चौथी शंभराजवळ आली
आणि बसली.

अकरा मिनिटं झाली. बारा.
तांदळाला उकळी आली, तिनं हळद टाकली, वटाणे टाकले.
चौदा.
व्हरांड्यात ताटल्या वाजू लागल्या.
सोळा.
मी पाठ फिरवून प्लग काढला, फुंकला, पुन्हा लावला.
रेषा तशीच, आडवी,
शेताच्या बांधासारखी.

दुरपताबाई वाकली.
चुलीबाहेर राहिलेल्या टोकाशी तिनं कान नेला.
तिथं फेस येत होता, बारीक, पिवळसर,
आणि त्या फेसाच्या आतून
कोणी दात आवळून श्वास सोडावा तसं काही.

"पानी आंदर पयते ना वो.
बाहीर आग हाय. बाहीरच कायले येईन?"

एकोणिसाव्या मिनिटाला रेषा हलली.

रात्री ग्रामपंचायतीच्या खोलीत
मी ते पान पुन्हा उघडलं.
आत थंड असतं.
थोडी वाफ त्या थंडाव्याकडे धावते,
तिथं पोचून पुन्हा पाणी होते.
म्हणजे लाकडाला आग लागली की काही वेळ
गाभा होता त्याहून ओला होतो.
हा काही वेळ
मी दोन वर्षं शून्य धरला होता.

एका पदाचं चिन्ह बदललं.
बल्बभोवतीचे किडे कीबोर्डवर पडत होते,
त्यांना झटकत तीनदा गणित चालवलं.
सतरा मिनिटं.
उरलेली दोन कुठली, ते झोपेतही सुटेना.
भोकांमुळे असेल. सालीमुळे. ऐनाच्या स्वभावामुळे.

सकाळी चुलीशी जाऊन सांगितलं,
दोन मिनिटं अजून सापडत नाहीत.

"दोन मिन्टं?
ते त मी लाकूड बाहीर ओढून उलटं केलतं.
तुमी थे बटन फुंकत होत्या तवा."

मग राखेतून चिमट्यानं काल उरलेला तुकडा काढला,
चार भोकांचा, हलका,
वाजवून पाहिला.
"तारा निंगाल्या ना याच्या?
द्या मंग. चहा होते याच्यावर."