कोपरा

वेल सरळ जाते तोवर कुणालाही काढता येते.
एक डहाळी, दोन पानं, एक कळी,
पुन्हा एक डहाळी, दोन पानं, एक कळी.
हाताला चाल लागते, मन भाजीचा हिशेब करत बसतं.
खरं काम कोपऱ्यावर.
तिथं वेलीला वळावं लागतं
आणि तिला कुणी वळवलं असं वाटता कामा नये.

डिचोलीत, घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर माझी खोली.
या महिन्यात टेबलावर दोनच कामं:
आपोलिना मिनेझिसच्या माडाच्या व्हिनेगरचं लेबल
आणि गुणाजी मास्तरांचं पुस्तक,
म्हणजे बायको गेल्यावर
वाण्याच्या वहीत सापडलेल्या तिच्या ओव्या.
एकेका पानावर जेमतेम चार ओळी.
"पान उघडं दिसतं हो," मास्तर म्हणाले,
"भोवती काहीतरी घाला.
तिला असं उघड्यावर बसलेलं आवडायचं नाही."

म्हणून नार्व्याला गेले.
तिथं एका लहान देवळाच्या भिंतीवर काव होती.
खाली पिस्ता रंगाची बादली, शेजारी इराप्पा रंगारी.
"अर्धा तास थांबतो," म्हणाला, आणि विडी पेटवली.

कागद भिंतीला टेकवला.
चुन्यावर लाल मातीचा थर,
थर ओला असतानाच सळईनं खरवडलेली वेल.
रेघ वरून घातलेली नाही,
पांढरं आधीपासून आतच होतं.
डाव्या कोपऱ्याशी त्या माणसाचं माप चुकलं होतं,
वेल संपेना, भिंत संपली.
तर त्यानं काय केलं,
तिथं एक खेकडा बसवला,
आणि वेलीचं टोक त्याच्या नांगीत दिलं.
खेकड्याला कुठं वळावं लागतं?
तो तसाच आडवा निघाला, नव्या बाजूला.

मी विडी संपेपर्यंत हसत होते.

आपोलिनाला लेबल दाखवलं.
"बाये, लोकांना वाटेल बाटलीत कुर्ली आहे!"
बरोबरच होतं तिचं. खेकडा गेला, सोनेरी वेल राहिली.
धाकट्यानं फाईल मागितली:
बाटलीवर नखाएवढी, टेम्पोवर वावभर,
कुठंही फुटता कामा नये.
पैसे रोख, वर एक बाटली.

मास्तरांनी प्रूफ खिडकीशी नेलं.
अंगठा खेकड्यावर ठेवून बराच वेळ उभे.
"हिच्या ओव्यांत खेकडा कुठंच नाही."
मी रबर शोधायला लागले.
"नाही, राहू दे. पण सगळीकडे नको.
एकाच पानावर ठेवा.
कुठल्या, ते मला सांगू नका."

नार्व्याची भिंत आता पिस्ता आहे.
एकच चौकट पुन्हा पुन्हा छापायची नाही, असं मी ठरवून बसले आहे,
बावळटपणा म्हणा.
चौसष्ट पानं, दोनशे छप्पन्न कोपरे.
एक त्याचा.
बाकी सगळीकडे मलाच वळायचं आहे.