मुंजाजी सरांची वही

पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर
मुंजाजी सर माझ्या कानाची पाळी टोचतात,
थेंबभर रक्त पट्टीवर घेतात.
आकडा वहीत.
"काय गं, पळायलीस की जमीन कुटायलीस?"
मोबाइलवर माझंच पाऊल संथ करून दाखवतात:
टाच आधी पडायली, बघ. गुडघा बोंबलणार.

त्यांचा डावा गुडघा बोंबलतो, मला माहीत आहे.
मानवतच्या मैदानात चौघांनी धरला होता,
रेषा वीतभर राहिली.
मग पतियाळा, हाडांची जाडजूड पुस्तकं,
आणि ही वही.

काल बाकीच्या पोरी गेल्यावर
सर कबड्डीच्या जुन्या मातीत वाकले,
बोटं कपाळाला लावली,
आणि पुटपुटत मधली रेषा ओलांडली.
समोर कुणीच नव्हतं.
घड्याळ माझ्या गळ्यात होतं.
दाबलं.

अलीकडे आले तेव्हा एकोणतीस सेकंद,
एका दमात.
परतताना जरासे लंगडले.

वहीत माझ्या नावाखाली एक ओळ रिकामी होती.
तिथं लिहिलं: मुंजाजी गव्हाणे, २९.

आज सकाळी त्यांनी पान उघडलं.
बराच वेळ माळावरच्या टिटवीकडं बघत राहिले.
मग म्हणाले,
"टाच."