शेरा

दुपारी निवड समितीचा फोन आला.
म्हणाले, तीस वर्षं टेबलावर बसताय, गुणलेखक तुम्ही,
दोन ओळी लिहून पाठवा,
घणसोलीचा तो सुयोग मढवी
खरंच किती चांगला आहे?

दोन ओळी.
इथे तळवली नाक्यावर, बाळारामच्या टपरीत
चार दिवस झाले,
दोन ओळींवर कोणी थांबलेलं नाही.

हसूराम म्हणतो, एकोणीस वर्षांचं पोर,
आणि सात जणांत असं शिरतं
जसं स्वतःच्या घरात, दिवा न लावता
रात्री पाणी प्यायला उठावं.
टायरवाला मुश्ताक म्हणतो, अरे, घरच आहे ते!
रबाळे, दिघा, गोठिवली, सगळे ओळखीचे घोटे.
कोल्हापूरच्या पोरांपुढे काय झालं ते बोल.
बोल ना.
कोणी बोनसचे गुण वजा करून दाखवतो,
कोणी मोबाइलवर तीच चढाई
मागे नेतो, पुढे नेतो.
बिचारा अकरा वेळा मध्यरेषेवर परत येतो
आणि वाद तिथल्या तिथे.

काल तो स्वतःच आला.
सगळे गप्प.
चार पाव बांधून घेतले, सुटे नव्हते,
उधारी सांगून गेला.
स्कूटर वळल्यावर आवाज
आधीपेक्षा वर चढले.

दामू तांडेल तेवढा बोलत नव्हता.
डावा कोपरा, एकेकाळचा.
आता गुडघ्याला पट्टा,
खिशात कंपनीच्या गेटची शिट्टी.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"आमचे टायमाला मातीन खेलाचो.
ह्याचा घोटा माझे मुठीन असता."
चहा संपवला, ग्लास उपडा ठेवला.
"पन त्याचे डोले पायाव नसतान.
छातीव असतान.
त्याचा इलाज मना नाय म्हायती."

माझी वही उघडी आहे.
उपांत्य सामना. चढाया सतरा, गुण नऊ,
पकडला गेला चारदा, रिकाम्या चार.
त्यातली तिसरी रिकामी.
तीस सेकंदांतली वीस तो नुसता उभा होता.
कबड्डी कबड्डी इतकं हळू
की टेबलापर्यंत फक्त ओठ आले.
आणि साती जण, हातात हात,
त्याच्या एका खांद्याबरोबर वळत होते,
इकडे, मग तिकडे,
भरती फिरताना खाडीतल्या होड्या
एकदमच तोंड वळवतात तसे.
मग तो परत आला. कोणाला हात न लावता.
घाबरला, मुश्ताक म्हणतो.
खेळवलं, हसूराम म्हणतो.
मी शून्य लिहिलं.
रकाना तेवढाच असतो.

घरी येताना दामू अर्ध्या वाटेपर्यंत सोबत होता.
वीजकेंद्राच्या भिंतीशी थांबला.
"माझे टायमाला पन तुला इचारला व्हता ना?
काय लिवला व्हतास?"
मी म्हणालो, आठवत नाही रे, किती वर्षं झाली.

आठवतं.
पकड चांगली. घाई करतो.
घाई.
सामना दोनला, पाळी साडेतीनची,
आणि मैदान ते कंपनी सायकलनं चाळीस मिनिटं.
हे मला कळलं तेव्हा
कागद गेलेला होता, यादी लागलेली होती,
आणि दामू गेटवर शिट्टी फुंकत होता.

आता रात्रीचे साडेअकरा.
पहिल्यांदा लिहिलं, उत्तम. खोडलं.
वयाच्या मानानं, लिहिलं. तेही खोडलं.
पोराचं वय काय, मान काय,
आणि मी कोण मानणारा.

शेवटी असं झालं:
एकदा येऊन बघा.
सकाळी तो कुठे कामाला जातो तेही विचारा.
चढाई रिकामी जात असेल तेव्हा वहीत पाहू नका.

तीन ओळी झाल्या.
यातली कोणती काढू,
उद्या टपरीवर विचारीन म्हणतो.
म्हणजे अजून चार दिवस.